मुद्दाम चुकवलेली उत्तरं

कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कोच हॅलम माझ्या बैठकीच्या खोलीत बसून पीच घालून भाजलेलं गोड कॉबलर दोनदा मागून खाऊन गेला आणि जाताना एक वाक्य माझ्या घरात ठेवून गेला. "मिस लुवी, आमच्याकडे पोरगा आधी विद्यार्थी, मग खेळाडू." वाक्य छानच होतं. मी ज्या ज्या बायांचे केस धुते त्यांच्यातल्या निम्म्या जणींच्या घरी ते जाऊन आलंय, आणि प्रत्येक घरी त्याच्याबरोबर काहीतरी गोडही खाल्लं गेलंय.

पोरगा म्हणजे थॅडियस, माझ्या धाकट्या बहिणीचा. ती गेली तेव्हा तो इतका लहान होता की डॉमिनोच्या सात सोंगट्या त्याच्या हातात मावत नसत. मग मी त्याला खेळ शिकवला तो सोंगट्या उघड्या मांडून. त्याच्या त्याच्यासमोर, माझ्या माझ्यासमोर, लपवाछपवी नाही. शाळेत जायला लागला तसा एके दिवशी म्हणाला, "मावशी, आता उभ्या करू. तुझ्या मला न बघताच कळतात."

आणि कळायच्याच. रविवारी चर्चहून आलं की माझ्या स्वयंपाकघरात डाव पडतो. मी आणि थॅड एका बाजूला, माझ्या दुकानात केस करायला येणाऱ्या ओझेलाबाई आणि आमच्या चर्चचे डीकन ल्यूशस दुसऱ्या. चौघांत सगळ्या सोंगट्या वाटल्या जातात, शिल्लक काही राहत नाही. प्रत्येक सोंगटीवर ठिपक्यांचे दोन आकडे, आणि मांडलेल्या रांगेच्या कुठल्यातरी टोकाशी आकडा जुळला तरच ती लावायची. ज्याला लावता येत नाही तो टेबलावर बोटानं टकटक करतो, की झाली त्याची चोरी उघड: टोकांचे आकडे त्याच्याकडे नाहीत. तेवढ्या टकटकीवरून थॅड प्रत्येकाच्या हातात काय आहे ते सांगायचा. डीकन सोंगट्या छातीशी धरून बसायचे.

"डीकन, छातीशी धरून उपयोग नाही. डबल सहा आहे तुमच्याकडे, आणि तुम्ही ती शेवटपर्यंत दाबून ठेवणार."

"हे पोरगं सैतानाशी बोलतं," डीकन म्हणायचे.

"सैतानाला एवढं गणित येत असतं तर तो स्वर्गातून पडला असता का?" ओझेलाबाई म्हणायच्या.

त्याला पूल बांधायचे होते. आमच्या गावच्या नदीवरचा पूल पुरात गेला तेव्हा शाळेची बस महिनोन् महिने लांबच्या वळणानं जायची. त्या बसमध्ये बसून यानं वहीत पूल काढले. कॉलेजात इंजिनियरिंग घेतलं ते त्यापायी. फुटबॉलनं, आमच्याकडच्या हेल्मेट घालून एकमेकांना पाडायच्या फुटबॉलनं, कॉलेज मिळालं, हे खरं. पण फुटबॉल त्याच्यासाठी होडी होती, पलीकडचा काठ पूल होता.

कॉलेजात गेल्या गेल्या खेळाडूंच्या अभ्यासाची काळजी वाहणारी मिस कार्ली नावाची एक हसरी मुलगी त्याला म्हणाली, "इंजिनियरिंगची प्रयोगशाळा दुपारी असते, थॅड. आणि दुपारी सराव. तू सामान्य अभ्यासक्रम का घेत नाहीस? आपली अर्धी टीम तिथंच आहे. तुला सोबत होईल."

"मला सोबत नकोय मिस, मला पूल हवाय," हा म्हणाला.

मग तो स्वतःच खटपट करून सकाळच्या प्रयोगशाळेत घुसला. उजाडायच्या आधी वजनं उचलायची, ओल्या अंगानं धावत प्रयोगशाळेत जायचं, मग वर्ग, मग सराव, मग समोरच्या टीमच्या खेळाच्या फिती बघायच्या, मग अभ्यास. कोचनं परवानगी दिली, पण अट घातली: एक सराव चुकला की इंजिनियरिंग बंद. पहिलं वर्ष त्यानं दोन्ही निभावलं. घरी आला की जेवता जेवता झोपायचा. एकदा तर हातात मक्याच्या पावाचा, कॉर्नब्रेडचा, तुकडा तसाच. मी तो काढून घेतला तर डोळे न उघडता म्हणाला, "ठेव तिथं. माझा आहे."

दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्टात, मोसम सुरू व्हायच्या आधी, त्यांची एक परीक्षा झाली. दरवर्षी नव्या पोरांची होते. त्या वर्षी यंत्रं नवी आली म्हणून सगळ्यांचीच घेतली. कॉम्प्युटरवर शब्द दाखवतात, मग विचारतात कुठले दाखवले. आकृत्या, रंग, आकडे उलटे म्हणा, लाल दिसलं की बटण दाबा. पोराचं डोकं धड असताना कसं चालतं याची नोंद ठेवायची. पुढं कधी डोक्याला मार बसला तर तीच परीक्षा पुन्हा घ्यायची आणि ताडून बघायचं. उत्तरं घसरली असतील तर बसवायचं, नसतील तर खेळवायचं. कल्पना चांगली आहे. ज्यानं काढली त्याला बहुतेक पोरं नसावीत.

त्या रविवारी थॅडनं डावात हे सांगितलं, हसत हसत. "वरच्या वर्गातल्यांनी आधीच बजावलं. ऑगस्टात कुणी हुशार व्हायचं नाही. नीट दिलीस तर पुढं साधा धक्का बसला तरी घसरलास म्हणून बाकावर बसवतील. म्हणून सगळे मठ्ठ होतात."

"आणि तू?" मी विचारलं.

"मी जरा जास्तच झालो. दहातले चार शब्द आठवले म्हणून सांगितलं. लाल दिसल्यावर मनात येशूचं नाव घ्यायचं आणि मग बटण दाबायचं."

ओझेलाबाई हसून हसून खोकल्या. "म्हणजे आता सरकारी शिक्का बसलेला ढ!"

"तुझ्या आईनं तुला ढ म्हणून जन्माला घातलं नव्हतं," मी म्हटलं. "खोटं उत्तर कशाला द्यायचं?"

"मावशी, एक सामना बसलो की जागा जाते. जागा गेली की शिष्यवृत्ती डळमळते. ती गेली की पूल गेला. तू पाच लाव, तुझ्याकडे आहे."

होती. मी लावली.

ऑक्टोबरात शनिवारी माझं दुकान भरलेलं होतं. सामन्याच्या दिवशी बाया केस करायला येतात त्या टीव्हीसाठी. घरी नवरे आरडाओरडा करतात, इथं त्या स्वतः करतात. ओझेलाबाईंच्या डोक्यात निम्म्या वेण्या घालून झाल्या होत्या. थॅड शेवटच्या फळीत खेळायचा. सगळ्यांना चुकवून जो निसटेल त्याला आडवं पाडायचं काम त्याचं. एक आडदांड पोरगा चेंडू काखेत घेऊन निसटला आणि थॅड त्याच्यावर गेला. हेल्मेटवर हेल्मेट. टीव्हीतून सुद्धा आवाज आला, रस्त्यावर गाडी गाडीवर जावी तसा.

दुकान उभं राहिलं. "पाडला! पाडला गं, लुवी, तुझ्या पोरानं पाडला!"

टीव्हीवाल्यांनी ती टक्कर पुन्हा पुन्हा दाखवली. मी तिच्या नंतरचं बघत होते. थॅड उठला, हेल्मेटवर थापटी मारली आणि शांतपणे चालत जाऊन समोरच्या टीमच्या घोळक्यात उभा राहिला. त्यांच्यातल्याच एकानं त्याला खांदे धरून वळवलं आणि ढकललं. टीव्हीवाला हसला, "पाहुणचार घ्यायला निघाला होता!" दुकानही हसलं.

माझ्या हातातली वेणी सुटली. ओझेलाबाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "उठलाय ना तो? उठला म्हणजे ठीक आहे. तू वेणी घाल."

त्याला बाहेर काढलं, बाकावर बसवलं. आठवड्यात परीक्षा घेतली. त्याचा फोन आला तेव्हा आवाजात आनंद होता. "पास, मावशी! ऑगस्टात जे होतं तेच. डॉक्टर म्हणाले, जसाच्या तसा. शनिवारी खेळतोय."

तो खेळला. चांगला खेळला, असं वर्तमानपत्रात आलं. त्याच्या पुढच्या रविवारी घरी आला.

मी कोबीची भाजी आणि कोंबडी केली होती. जेवला कमी. खिडकीचा पडदा ओढून घेतला, ऊन लागतं म्हणाला. आमच्या स्वयंपाकघरात ऊन येतं ते इतकं दीनवाणं की त्याच्यासाठी कुणी कधी पडदा ओढला नव्हता. डाव मांडला. थॅड बोलत नव्हता. डीकनांनी सवयीनं सोंगट्या छातीशी धरल्या आणि वाट बघत बसले की हा आता काही म्हणेल.

"काय रे, आज सैतानाला सुट्टी?" डीकन म्हणाले.

थॅड हसला, पण जरा उशिरानं.

एका टोकाला चार आला. माझ्याकडे चार नव्हता, दुसऱ्या टोकालाही काही लागत नव्हतं. मी टकटक केलं. डाव फिरून थॅडकडे आला. त्यानं सोंगट्यांकडे बराच वेळ पाहिलं, एक उचलली आणि दुसऱ्या टोकालाही चार लावला. म्हणजे दोन्ही टोकांना चार. आणि त्याच्या जोडीदारीण मावशीनं आत्ताच, त्याच्या समोर, चार नाही म्हणून टेबल वाजवलं होतं. शिकाऊ पोरही असं करत नाही. आपल्याच माणसाला दोन्ही दारांनी कोंडणं आहे ते.

ओझेलाबाई आता जिंकणार होत्या, पण त्यांनी आरोळी दिली नाही. त्यांनी पाटीवरचं पुसल्यासारखा तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "डीकन, मला घरी सोडा. गुडघा दुखतोय." त्यांचा गुडघा त्या वेळपर्यंत आम्हाला कुणाला माहीत नव्हता.

दोघं गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. पाठ करून बोलणं सोपं जातं.

"अभ्यास कसा चाललाय?"

"ठीक."

"थॅडियस."

मागं सोंगट्या गोळा केल्याचा आवाज आला. तो म्हणाला, "ओळ वाचतो मावशी. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात गेलेली असते. पुलावरचं वजन कुठं कुठं जातं ते काढायचं असतं, बाण काढून. मी बाण काढतो. मग ते कशाचे ते आठवत नाही. परीक्षेत निम्मा पेपर कोरा दिला."

"मग त्या कॉम्प्युटरच्या परीक्षेत पास कसा झालास?"

"ऑगस्टात होतं तेच आलं ना."

मी नळ बंद केला. "या वेळीही मुद्दाम चुकवलीस?"

मी वळून पाहिलं तेव्हा त्याचे दोन्ही हात टेबलावर होते, सोंगट्या गोळा करायचं अर्धवट राहिलेलं.

"नाही," तो म्हणाला. "या वेळी मी होतं नव्हतं तेवढं सगळं लावलं. घाम आला मला. जेवढे शब्द आठवले तेवढे सांगितले."

"किती आठवले?"

"चार."

बोलण्यासारखं सगळं त्या चारात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. दुकान बंदच असतं. त्याच्या गाडीनं निघालो, पण मी चालवली. टीमचे डॉक्टर प्रुइट, पांढऱ्या मिशांचे, वाईट माणूस नव्हे. त्यांनी मला खुर्ची दिली, कॉफी विचारली आणि कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. ऑगस्टची रेघ आणि ऑक्टोबरची रेघ. एकमेकींवर बसलेल्या, जुळ्या बहिणी.

"बघा मिस लुवी. अजिबात घसरण नाही. मी तर म्हणेन, असा स्वच्छ निकाल मी क्वचित बघतो."

"सांग," मी थॅडला म्हटलं.

त्यानं आधी भिंतीकडे पाहिलं. तो काय काय तोलत होता ते मला दिसत होतं. भिंतीवर टीमचं वेळापत्रक होतं, त्यात दोन सामने शिल्लक होते. शेवटी त्यानं जमिनीकडे बघून सांगितलं, "सर, ऑगस्टातली मी मुद्दाम चुकवली होती. मी तसा नाहीये. म्हणजे नव्हतो."

डॉक्टर उठले आणि दार लावून आले. बसले तेव्हा त्यांचं वय वाढलेलं होतं.

"पोरा, हे तू बोललास ते मी ऐकलं नाही. समजून घे. हे मी लिहिलं तर उद्या मला सगळ्या टीमला विचारावं लागेल, आणि मग शनिवारी मैदानावर बँडवाले तेवढे उरतील. शिवाय लबाडी केली म्हणून तुझ्यावर चौकशी बसेल, ती वेगळी." त्यांनी पेन उचललं. "डोकं दुखतं का?"

"हो सर."

"उजेडानं त्रास होतो?"

"हो सर."

"एवढं मी लिहितो. एवढं पुरेसं आहे. तू या मोसमात आता खेळणार नाहीस."

"आणि तो आधी कसा होता ते?" मी विचारलं. "ते कुठं लिहिणार?"

"आधीचं लिहिलेलं आहे, मिस लुवी," ते हळूच म्हणाले आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

मी त्यांचे आभार मानले. खरंच मानले. माणसानं एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं घेतलं, तर दिलेल्या हाताचे आभार मानायचं वळण मला माझ्या आईनं लावलं. गाडीत बसल्यावर राग आला, पण तोवर आम्ही हायवेला लागलो होतो.

थॅडची जागा दुसऱ्या पोराला गेली. डोकेदुखी नाताळापर्यंत गेली. पडदे उघडे राहायला लागले. परीक्षा पुन्हा घेतली: जसाच्या तसा. पूर्ण बरा, असं लिहिलं गेलं. इंजिनियरिंगचे दोन विषय बुडाले होते.

जानेवारीत मिस कार्लीचा फोन आला तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात होता. फोन टेबलावर ठेवून त्यानं आवाज मोठा केला. हल्ली दोघांनी ऐकलेलं त्याला बरं वाटायचं. काही निसटलं तर मी असते.

"थॅड, मी सगळं बघितलं," तिचा आवाज हसरा आणि मऊ. "तुझे ऑगस्टचे निकालही. खरं सांगू? तू पहिलं वर्ष इतकं ओढलंस हेच आश्चर्य आहे. ज्याची आठवण मुळातच अशी असते त्याला इंजिनियरिंग म्हणजे छळ. स्वतःला दोष देऊ नकोस हं. सामान्य अभ्यासक्रमात तुझे मार्क लगेच वर येतील आणि वसंतात तू सरावाला मोकळा."

"मिस कार्ली," मी म्हटलं, "तो तसा नव्हता."

"मावशीच ना तुम्ही? मला कळतं हो," ती म्हणाली. "प्रत्येक घरात आपलं पोरगं हुशार असतं."

थॅडनं फोन बंद केला. मला वाटलं आता काही फोडेल. त्यानं उठून पाणी प्यायलं, ग्लास धुतला, पालथा घातला.

"जा वसंतात," मी मुद्दाम म्हटलं, त्याला चाचपायला. "मैदानावर तर तुला काही अडत नाही म्हणतात."

"नाहीच अडत. तिथं मोजावं लागत नाही. अंगाला ठाऊक असतं सगळं." त्यानं पालथा ग्लास पुन्हा सुलटा केला. "म्हणूनच भीती वाटते. आणखी एक टक्कर बसली तर ते परत परीक्षा घेतील. मला चार आठवतील, की तीन, की दोन. आणि तीन आले तरी म्हणतील, फार काही घसरला नाहीस. मी खालचा मजला आधीच इतका खाली ठेवलाय, मावशी, की आता कितीही पडलो तरी त्यांना आवाज यायचा नाही."

त्यानं खेळ सोडला. कोच हॅलमनं मला फोन केला, तेवढं सौजन्य दाखवलं. "मिस लुवी, समजवा त्याला. मार लागून जायबंदी झालेल्या पोराला कॉलेज शेवटपर्यंत शिकवतं, हा माझा शब्द आहे. पण हा जायबंदी नाही. कागद म्हणतात ठणठणीत आहे. हा आपणहून सोडतोय. आपणहून सोडणाऱ्याला मी काय देऊ?"

"कॉबलर तरी परत द्या," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. बायका दुःखात काहीबाही बोलतात, असं समजून त्यानं फोन ठेवला असावा.

आता थॅड घरी आहे. सकाळी लाकडाच्या वखारीत ट्रक भरतो आणि संध्याकाळी गावाजवळच्या दोन वर्षांच्या कॉलेजात एकच विषय घेतलाय, गणित, अगदी पहिल्या पायरीचं. शाळेत असताना तो हेच दुसऱ्या पोरांना शिकवायचा. मास्तरीणबाई म्हणते कष्टाळू आहे. कष्टाळू हा शब्द कुणासाठी वापरतात ते मला माहीत आहे, त्यालाही. पुलांच्या वह्या त्यानं पलंगाखाली ठेवल्यात. टाकल्या नाहीत, उघडतही नाही.

रविवारचा चौघांचा डाव मोडला. ओझेलाबाई येतात, पण जेवून जातात. त्यांचा गुडघा आता कायमचाच झालाय. डीकन म्हणतात डोळे गेले. कुणी कुणाला दोष देत नाही.

मग आम्ही दोघंच खेळतो. पहिल्या रविवारी त्यानं सोंगट्या वाटल्या आणि सातही उघड्या मांडल्या. माझ्याही मी मांडल्या. लहानपणी तो एकेका ठिपक्यावर बोट ठेवून मोजायचा तसा आता बोट ठेवत नाही, पण ओठ हलतात.

परवा सगळ्या उघड्या मांडून झाल्यावर त्यानं माझ्या सोंगट्यांतल्या दोन स्वतःच उचलून पालथ्या घातल्या. "या आता नको बघू देऊस मला," म्हणाला. डाव चालू झाला. मी एकदा टकटक केलं. त्यानं मान खाली घातली, ओठ हलले, कपाळावर शीर उभी राहिली. बाहेर कुणाचा तरी रेडिओ सामना सांगत होता, तो मी खिडकी लावून बंद केला.

"डबल पाच," तो म्हणाला. "डावीकडची."

मी डावीकडची फक्त मला दिसेल अशी उलटवली. तीन-दोन.

वाट बघणारा त्याचा चेहरा बघवत नव्हता. हो म्हणून चटकन पालथी टाकणं सोपं होतं. त्याला पुन्हा बघावीशी वाटलीही नसती. पण जाणूनबुजून दिलेल्या चुकीच्या उत्तराचं काय होतं ते आम्ही दोघांनी बघितलंय.

"नाही," मी म्हटलं. "तीन-दोन आहे."

"बरं," तो म्हणाला. सोंगटी हातात घेऊन त्यानं तिचे पाच ठिपके अंगठ्यानं चाचपले आणि परत जागेवर ठेवली, उघडी. "दुसरी नको उलटवू. थांब जरा."

मी थांबले आहे.